हलवू नये

खान्देशात साल बदलतं ते आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी. वर्षाच्या बोलीवर राबणारा सालदार मालकाच्या ओट्यापाशी येऊन उभा राहतो, मालक पानाला चुना लावता लावता विचारतो, ''राहशी ना औंदा?'', सालदार मान हलवतो आणि दोघांचं वर्ष सुरू होतं. सरकारचं वर्ष मार्चला संपतं. कपाशीच्या बियाण्याच्या धंद्यातलं वर्ष, खरं विचाराल तर, मृगाच्या आधी चार आठवडे असतं; बाकीचे महिने त्याच्या आठवणीवर काढायचे. पण जळगावच्या पूर्णतापी सीड्समध्ये वर्ष एकतीस डिसेंबरला संपायचं. कारण बारा वर्षांपूर्वी धाकटे शेठ, नवलशेठ, पुण्याला कसलासा कोर्स करून आले आणि येताना एक फॉर्म घेऊन आले.

फॉर्मवर चार रकाने होते. सरत्या वर्षात मी काय मिळवलं. माझ्या उणिवा. नव्या वर्षाचं ध्येय. पाच वर्षांनी मी स्वतःला कुठे पाहतो. आणि सगळ्यात खाली, चौकटीत, साहेबांचा शेरा.

शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहून तासभर बोलणारी माणसं या चार रकान्यांपुढे मुकी व्हायची. मग ती वाल्मीकभाऊच्या टेबलाकडे यायची.

वाल्मीक भिकन माळी, विक्री अधिकारी, वय बावन्न. अक्षर मोत्यासारखं आणि डोकं अक्षरापेक्षा चलाख. डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की त्याच्या टेबलावर चहा आपोआप यायचा. कोणी भरताची वांगी आणायचं, कोणी केळीची फणी, कोणी नुसताच ''भाऊ, तुमच्याशिवाय आहे कोण आपलं'' एवढंच आणायचं. वाल्मीक सगळं घ्यायचा आणि मनातल्या मनात मांडून ठेवायचा. कोण काय देऊन गेलं यापेक्षा कोण जानेवारी लागताच ओळख विसरतं, हे त्याच्या जास्त लक्षात राहायचं. तशी यादी बरीच लांब होती.

त्याची खरी कारागिरी उणिवांच्या रकान्यात. ''उणीव अशी लिहायची,'' तो सांगायचा, ''की वाचणाऱ्याला वाटावं, ही आपल्यात का नाही!'' जो दुपारी पारोळ्याच्या दुकानदाराच्या गादीवर झोपा काढायचा, त्याच्यासाठी त्याने लिहिलं, 'दुकानदारांशी माझे संबंध घरगुती होतात, त्यामुळे वेळेचं भान राहत नाही.' जो कोणाशीच पटवून घेत नव्हता, त्याची उणीव ठरली, 'कामात तडजोड करता येत नाही.' माणूस स्वतःची उणीव वाचून खूश होऊन जायचा.

आणि शेरेही तोच लिहायचा. विक्री व्यवस्थापक पंडितसाहेब मनाने सरळ आणि लिहायला आळशी. ते फॉर्मचा गठ्ठा घेऊन यायचे. ''वाल्मीक, तू माणसं ओळखतोस. एकेक ओळ टाक, मी सही ठोकतो.'' म्हणजे माणसाने स्वतःबद्दल काय म्हटलं तेही वाल्मीकचं आणि साहेबांना त्यावर काय वाटलं तेही वाल्मीकचं. फक्त वाल्मीकच्या स्वतःच्या फॉर्मवरचा शेरा साहेब स्वतः लिहायचे. दरवर्षी दोनच शब्द, 'काम समाधानकारक'.

एवढं लिहून वाल्मीकची एका गोष्टीबद्दल खात्री पटली होती. एखादी जागा भरायची असली तर शेठ शेऱ्यावर तेवढी नजर टाकतात, बाकी हे कोणी वाचत नाही. दोन जानेवारीला सगळे फॉर्म कपाटात जातात आणि कपाटाची किल्ली हरवलेली असते.

यंदा मात्र वाल्मीकला काहीतरी हवं होतं.

धुळ्याला नवी शाखा उघडणार होती. तिचा प्रमुख एकतीस तारखेच्या सभेत जाहीर व्हायचा होता. वाल्मीकचं घर सोनगीरला, धुळ्यापासून अर्ध्या तासावर. गेली नऊ वर्षं तो जळगावात, पिंप्राळ्यात एका खोलीत राहत होता. शनिवारी संध्याकाळी एसटी, सोमवारी पहाटे परत एसटी. नऊ वर्षांत मुलगी पुनम शाळेतून कॉलेजात गेली, कॉलेजातून नाशिकला नोकरीला लागली आणि त्याच्याशी बोलताना पाहुण्याशी बोलावं तशी बोलू लागली. आई द्रौपदाबाईला आताशा नीट दिसत नव्हतं. तो उंबऱ्यात आला की ती विचारायची, ''कोन शे?'' बायकोने, रत्नाने, गेल्या महिन्यात मधल्या खोलीचा कोपरा रिकामा केला होता. तिथे कांद्याच्या गोण्या असायच्या. त्या तिने पडवीत काढल्या, कोपरा सारवला. ''तुमनी खाट नि कपाट आठे ऱ्हाई,'' ती म्हणाली. रत्ना एरवीही एका वाक्यात काम भागवणारी.

पंडितसाहेबांनी दिवाळीतच खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, ''धुळ्याला तुझ्याशिवाय कोण? यंदा तुझा शेरा असा लिहितो की शेठ बघत राहतील.'' तोंडचा शब्द मिळाला म्हटल्यावर वाल्मीकने स्वतःचा फॉर्म पाच मिनिटांत उरकला. ध्येय : मागील वर्षाप्रमाणे. पाच वर्षांनी : कंपनीच्या सेवेत. जिथे कोणी वाचत नाही तिथे शाई कशाला घालवा?

शेवटी आला तो स्वप्नील. अठ्ठावीस वर्षांचा, शिरपूर भागात फिरणारा, केस कापल्यापासून तीन दिवस टोपी न घालणारा.

''भाऊ, माझा तेवढा राहिलाय.''

''तुझं ध्येय काय?''

''ते तुम्हीच सांगा ना.''

''अरे, लग्नाच्या मुलीलाही मीच हो म्हणू का?''

स्वप्नील हसला, खुर्ची ओढून बसला, मोबाइल काढला. वाल्मीकने पेन उघडलं. सकाळपासून अकरा ध्येयं लिहून झाली होती, बारावं सुचेना. मग त्याने सहज हात घातला तो स्वतःच्या जुन्या बेतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत मे महिन्यात बियाण्याची पाकिटं घेऊन फिरण्यात अर्थ नाही. त्या वेळी सगळ्याच कंपन्या फिरतात. गावागावात एकेका शेतकऱ्याकडे पंधरा गुंठे आपलं वाण लावायचं आणि नोव्हेंबरात, बोंडं फुटल्यावर, सारा गाव त्या शेतात नेऊन उभा करायचा. बोलायचं नाही, नुसतं मोजू द्यायचं. झाडाला बोंडं किती, ते शेतकऱ्याने आपल्या हाताने मोजायचं. शिरपूरची चौदा गावं, त्यांची नावं, कोणाच्या विहिरीला पाणी असतं, सगळं त्याच्या डोक्यात होतं. हे त्याने स्वतःच्या फॉर्मवर तीन वर्षं लिहिलं होतं. कपाटाने ते गिळलं होतं.

आता ते स्वप्नीलच्या रकान्यात उतरलं. सुरेख उतरलं. लिहून झाल्यावर वाल्मीकने एकदा वाचलं आणि त्याला वाईट वाटलं, ते एवढ्याच गोष्टीचं की इतकं चांगलं वाक्य पुन्हा वाया जाणार.

''एकदा वाचून घे,'' तो म्हणाला.

''तुम्ही लिहिलंय म्हणजे झालं,'' स्वप्नीलने सही केली.

एकतीसची सभा शेठच्या ममुराबाद रस्त्यावरच्या मळ्यात होती. मांडव घातलेला, मागे वांगी भाजल्याचा धूर, दोन बाया लाकडी बडगीत वांगी ठेचताहेत. आधी भाषण, मग भरीत, अशी रीत. उलटं केलं तर भाषणाला कोणी उरत नाही, हे शेठ अनुभवाने शिकले होते. वाल्मीक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दुसऱ्या रांगेत बसला. बॅग बरोबरच आणली होती, सभा संपली की सरळ एसटी. सकाळी रत्नाला फोनवर म्हणाला होता, ''संध्याकाळी बातमी घेऊनच येतो.''

नवलशेठ उभे राहिले. ''मित्रांनो, यंदा मी एक वेगळी गोष्ट केली,'' ते म्हणाले. ''चार दिवस घरी बसलो आणि सगळे फॉर्म वाचले. शब्द न् शब्द.''

वाल्मीकने मान वर केली. बारा वर्षांत कपाटाची किल्ली नेमकी यंदा सापडावी!

''आणि मला आश्चर्य वाटलं,'' शेठ पुढे म्हणाले. ''आपल्याकडे केवढी विचार करणारी माणसं आहेत! आता हेच बघा.'' त्यांनी एक कागद उचलला आणि वाचायला सुरुवात केली. पंधरा गुंठे. नोव्हेंबर. बोलायचं नाही, नुसतं मोजू द्यायचं. चौदा गावांची नावं त्यांनी अडखळत वाचली. ''अठ्ठावीस वर्षांचा मुलगा हा विचार करतो! धुळे शाखेचे प्रमुख, स्वप्नील.''

टाळ्या पडल्या. स्वप्नील उठला, तो आधी घाबरलेला दिसला, मग आश्चर्यचकित आणि स्टेजपर्यंत पोचेपर्यंत त्याला बहुधा वाटू लागलं होतं की हे आपण कुठेतरी, कधीतरी, मनात आणलंच असणार. वाल्मीकने टाळ्या वाजवल्या. शेजारी बसलेल्याने त्याच्या मांडीवर थाप मारली, ''भाऊ, पोरगं हुशार निघालं!''

''निघालं ना,'' वाल्मीक म्हणाला.

''आता एक सत्कार,'' शेठ म्हणाले. ''खरं सांगतो, धुळ्यासाठी माझ्या मनात वाल्मीकभाऊ होते. पण मी त्यांचा शेरा वाचला. पंडितसाहेबांनी इतकं मनापासून कोणाबद्दल लिहिलेलं नाही.'' आणि त्यांनी मोठ्याने वाचलं, ''सध्याच्या जागी अत्यंत उपयुक्त. यांना येथून हलवू नये.''

मांडवात पुन्हा टाळ्या. पंडितसाहेब पहिल्या रांगेतून मागे वळून वाल्मीककडे बघत होते. चेहरा आनंदाने फुललेला, बघ, शब्द पाळला की नाही, असा. शेठनी शाल घातली, नारळ दिला, आणि तो शेरा छापलेलं एक सोनेरी काठाचं प्रशस्तिपत्र हातात ठेवलं. ''भाऊ, तुम्हाला हलवलं तर जळगाव ऑफिस बसेल,'' ते कानाशी म्हणाले. वाल्मीकने नमस्कार केला. खाली उतरताना त्याला एकच कळत होतं : हे वाक्य त्याच्या ओळखीचं आहे.

ओळखीचं असायलाच हवं. ते त्यानेच घडवलं होतं.

नऊ वर्षांपूर्वी विक्री अधिकाऱ्याची जागा निघाली तेव्हा रांगेत पहिला होता गोदामातला मगन. शिक्षण कमी, पण बियाण्यातला माणूस. दाणा तळहातावर घेऊन उगवेल की नाही ते सांगणारा. वाल्मीक त्याच्या मागे. शेऱ्यांचा गठ्ठा नेहमीप्रमाणे वाल्मीककडे आला. वाईट शेरा लिहिला असता तर साहेबांनी विचारलं असतं, मगनने भांडण काढलं असतं. म्हणून त्याने एक अख्खी दुपार घालवून असं वाक्य शोधलं, जे मगनला हारासारखं वाटेल आणि शेठच्या हाताला खिळ्यासारखं लागेल. सध्याच्या जागी अत्यंत उपयुक्त. यांना येथून हलवू नये. मगन गोदामात राहिला. वाल्मीक खुर्चीवर बसला. त्या दिवशी त्याला स्वतःच्या लेखणीचा फार अभिमान वाटला होता.

आणि मगनला स्वतःच्या शेऱ्याचा. त्याने ऑफिसातून त्या ओळीची झेरॉक्स मागून घेतली, फ्रेम केली आणि गोदामात वजनकाट्याच्या वर टांगली. शनिवारी तिच्यापुढे उदबत्ती लावायचा. येणाऱ्या हमालाला, ड्रायव्हरला दाखवायचा, ''वाच. शेठनं मनाबिगर चालत नही.'' वाल्मीक गोदामात गेला की त्या भिंतीकडे बघायचं टाळायचा. नऊ वर्षांत त्याने एवढं एक प्रायश्चित्त घेतलं होतं.

जेवणं सुरू झाली. मगन ताट घेऊन थेट त्याच्याशेजारी येऊन बसला. डोक्याचे केस गेलेले, हातांना बियाण्याच्या औषधाचा लाल रंग कायमचा बसलेला.

''भाऊ, आते आपला दोन्हीसना एकच शेरा!'' तो म्हणाला. ''पंडितसाहेब चार दिन पहिले गोदाममा उनथात. म्हने, वाल्मीककरता काहीतरी मोठं लिखनं शे, सुचत नही. मी फ्रेम काढी दिन्ही. म्हनं, साहेब, याना परीस चांगलं काय ऱ्हाई?''

वाल्मीकचा घास हातातच राहिला. ''तू दिलीस?''

''मंग! तुमनी-मनी काय आजनी वळख शे?''

मगनने पुरीत भरीत गुंडाळलं, तोंडात टाकलं आणि शांतपणे चावत राहिला. वाल्मीक त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. बारा वर्षं त्याने माणसं वाचली होती, त्यांच्या उणिवा त्यांच्याआधी ओळखल्या होत्या. या चेहऱ्यावर मात्र एक ओळही वाचता येईना. तिथे नुसता भोळा आनंद होता, की नऊ वर्षं राखून ठेवलेलं दुसरं काही, ते मगनलाच ठाऊक.

''मना फ्रेमना बाजूले जागा शे,'' मगन बोट चाटत म्हणाला. ''सोमवारे खिळा ठोकी देस.''

हात धुवून बॅग उचलतो तोच स्वप्नील धावत आला. डोळ्यांत पाणी होतं, खरंखुरं.

''भाऊ, ते... मी शेठना सांगतो. तुमचं होतं ते सगळं.''

वाल्मीक थांबला. पोराच्या चेहऱ्याकडे बघून त्याला कळलं की हा सांगणार नाही. सांगण्याची तयारी दाखवून मोकळा होण्यासाठी आलाय. आणि सांगितलं तरी शेठ काय विचारणार? बाकीचे फॉर्म कोणाचे? शेरे कोणाचे? नऊ वर्षांपूर्वीचा तो शेरा कोणाचा?

''राहू दे,'' तो म्हणाला. ''सही तुझी आहे.''

स्वप्नीलने सुस्कारा सोडला. थोडा घुटमळला. ''मग भाऊ... पाच तारखेला उद्घाटन आहे. काय बोलू तिथे? दोन ओळी लिहून दिल्या तर...''

आणि वाल्मीकचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. त्याला थांबवायचं होतं. हात थांबला नाही. भरताच्या ताटाखालचा एक कोरा कागद ओढून त्याने उभ्या उभ्या लिहिलं. 'ही जागा मी मागितली नव्हती, ती मला माझ्या माणसांनी दिली.' वाक्य चांगलं होतं. स्वप्नीलने घडी घालून खिशात ठेवलं.

एसटीत खिडकीची जागा मिळाली. पारोळ्याला चहा प्यायला सगळे उतरले, तो उतरला नाही. धुळ्याला गाडी बदलताना स्टँडबाहेर एका इमारतीवर कंपनीची नवी पाटी चढवत होते. दोन माणसं शिडीवर, एक खालून ओरडतोय, ''डावीकडे घे, अजून डावीकडे.'' वाल्मीकने पाटी सरळ झाली की नाही ते पाहिलं नाही.

दिवेलागणीला तो सोनगीरच्या घरात शिरला.

''कोन शे?'' खाटेवरून आई.

''मी, आई.''

''काय म्हने तुना शेठ? धुळाले येवानं व्हयनं का?''

''यंदा नाही. पुढच्या साली बघू म्हणाले.''

शेठ तसं काहीच म्हणाले नव्हते. म्हातारीने मान हलवली. ''तुना बाप बी दर आखाजीले असाच म्हने,'' ती म्हणाली. ''पुढला साल.'' भिकन माळ्याने बावीस वर्षं एकाच मालकाकडे सालदारकी केली होती. पोराला शिकवलं ते एवढ्यासाठी की त्याला कोणाच्या ओट्यापाशी उभं राहायला लागू नये.

रत्ना चुलीपुढून उठून आली. तिने शाल बघितली, नारळ घेतला, मग प्रशस्तिपत्र उजेडात धरलं. सातवीपर्यंत शिकलेली; वाचायची सावकाश, पण एकदा वाचलेलं सोडायची नाही. नवऱ्याची लग्नाआधीची पत्रं तिने ट्रंकेत ठेवलेली होती आणि त्याचं वाक्य कुठे वळतं ते तिला पाठ होतं. 'सध्याच्या जागी अत्यंत उपयुक्त.' ती थांबली. 'यांना येथून हलवू नये.'

तिने कागद खाली केला.

''हाई वाक्य तुमनं शे ना?''

बारा वर्षांत त्याचं लिहिलेलं ओळखणारं हे एकच माणूस.

''कोनाकरता लिखेल व्हतं?''

''मगनकरता,'' तो म्हणाला.

मगनच्या घरी ती दोनदा जेवून आली होती. मगनच्या बायकोने तिला ती फ्रेम दाखवायला गोदामात नेलं होतं. उत्तर तिला ठाऊक होतं; ऐकायचं होतं ते त्याच्या तोंडून.

रत्नाने प्रशस्तिपत्र नीट भिंतीला टेकवून ठेवलं. रागावली नाही, रडली नाही. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती पडवीत गेली. थोड्या वेळाने पहिली कांद्याची गोणी जमिनीवरून ओढत आत आणल्याचा आवाज आला. सारवलेल्या कोपऱ्यात तिने ती टेकवली आणि दुसरी आणायला गेली. वाल्मीक उठून हात लावायला पुढे झाला.

''राहू द्या,'' ती म्हणाली. ''तुमी बठा तठेच.''